२१९ मॅच, एकही गोल नाही, तरी कॅप्टन : बेकी सॉअरब्रन आणि आपल्याकडच्या मागं खेळणाऱ्या पोरी

सेलूकर

नमस्कार मंडळी. आपल्याकडं शाळेची पोरींची फुटबॉल टीम काढताना काय होतं ते खेळाच्या सगळ्या शिक्षकांना माहितीय. जी जोरात पळते ती पुढं, जिला बॉल नीट मारता येत नाही ती मागं, आणि जी उरली ती गोलात. त्यामुळं बॅकला खेळणं म्हणजे कमीपणा असं पोरींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्याही डोक्यात बसलंय. परवा एका पोरीचे वडील मला म्हणले, सर आमच्या लेकराला मागं काहून टाकलं, ती काय कमी आहे का. आता ती पोरगी टीममधी सगळ्यात डोक्यानं खेळणारी, म्हणून तर तिला स्टॉपरला, म्हणजे मागं मधोमध गोलासमोर, ठेवलंय, पण हे त्यांना दोन वाक्यात सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहायलोय. त्यांनाही ही लिंक पाठवणार आहे.

अमेरिकेची बेकी सॉअरब्रन. जन्म १९८५ चा, गाव सेंट लुईस, मिझुरी राज्य. सेंटर बॅक, म्हणजे आपण ज्याला स्टॉपर म्हणतो ती. देशाकडून २१९ मॅच खेळली आणि त्यात एकही गोल केला नाही. एकही नाही. तरी दोन वर्ल्डकप (२०१५ आणि २०१९), २०१२ चं ऑलिम्पिक गोल्ड, टोकियोचं ब्राँझ, आणि कितीतरी वर्षं टीमची कॅप्टन. तिथल्या लीगमधी वर्षातली सर्वोत्तम डिफेंडर हा किताब चार वेळा.

उंची म्हणाल तर साधारण पाच फूट सात इंच, स्टॉपरसाठी काही फार नाही. वेगही लई नव्हता. मग होतं काय तिच्याकडं? ती बॉल कुठं येणार हे आधी ओळखून तिथं जाऊन उभी राहायची. लोटांगण घालून टॅकल मारायची वेळच यायची नाही. ग्राउंडवर पाहणाऱ्याला वाटतं ही काहीच करत नाही, बॉल आपोआप तिच्या पायात येतो. आपोआप कुठून येतो? दहा सेकंद आधीपासून ती दोन पावलं इकडं, एक पाऊल मागं असं सरकत असते, आणि समोरच्या फॉरवर्डला पास द्यायला जागाच उरत नाही, मग ती चुकीचा पास देते.

सुरुवात पण काही थाटात नाही झाली. जानेवारी २००८ मधी चीनमधल्या एका स्पर्धेत कॅनडाविरुद्ध पहिली मॅच, वय २२, आणि त्या पहिल्याच मॅचमधी नाक मोडलं. त्यानंतर काही वर्षं टीमच्या आत बाहेर. २०११ च्या वर्ल्डकपला बेंचवर होती. ब्राझीलविरुद्धच्या क्वार्टर फायनलला अमेरिकेच्याच रेचल ब्युलरला रेड कार्ड मिळालं म्हणून फ्रान्सविरुद्धच्या सेमीला हिला उतरवलं, सगळी मॅच खेळली, ३-१ नं जिंकले. फायनलला ब्युलर परत आली आणि ही परत बेंचवर. त्या फायनलमधी जपानकडून पेनल्टीवर हरले. चार वर्षांनी २०१५ ला मात्र तिनं एक मिनिटही बाहेर न बसता सगळा वर्ल्डकप खेळला, आणि पहिल्या मॅचमधी ऑस्ट्रेलियानं मारलेल्या गोलनंतर थेट फायनलपर्यंत, म्हणजे ५४० मिनिटं, अमेरिकेवर गोल झाला नाही. माझ्या मते तिचा खरा स्कोअर हाच.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेष करून ज्यांच्या पोरी खेळायल्यात त्यांनी.

आमखासचा_गडी

सर, लई दिवसांनी कुणीतरी स्टॉपरबद्दल लिहिलं. मी पंधरा-वीस वर्षं संभाजीनगरच्या आमखास मैदानावर मागंच खेळलो, त्यामुळं हा विषय माझा जिव्हाळ्याचा.

पण सॉअरब्रनपर्यंत जाताना आपली आशालता देवी विसरू नका. इंफाळची, १९९३ चा जन्म, ही पण सेंटर बॅक. भारताची कॅप्टन राहिलेली. सेतू एफसीकडून २०१८-१९ ची इंडियन वुमेन्स लीग जिंकली, मग गोकुलम केरळकडून जिंकली, नंतर ईस्ट बंगालला गेली. या सगळ्याच्या आधी मालदीवला न्यू रेडियंट क्लबकडून खेळून आली, म्हणजे आपल्या देशात बायकांची लीगच नव्हती तेव्हाची गोष्ट. इंडियन वुमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७ ला. २०२४ च्या ऑक्टोबरमधी काठमांडूला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या, स्पर्धेत तिची शंभरावी इंटरनॅशनल मॅच झाली, भारताकडून शंभर मॅच खेळणारी पहिली बाई. ती बातमी आपल्याकडच्या पेपरात मला तरी दिसली नाही.

आणि हे ऐका. २०२२ चा बायकांचा एशियन कप आपल्याच महाराष्ट्रात होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याला. आशालता कॅप्टन. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी पहिली मॅच ०-० झाली. आपल्याला गोल मारता आला नाही पण आपल्यावरही झाला नाही. मग टीममधी कोविड घुसला, चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला पुरेशा पोरी राहिल्या नाहीत, आणि भारत स्पर्धेतूनच बाहेर. घरचं ग्राउंड, आयुष्यभराची तयारी, आणि एकाच मॅचमधी सगळं संपलं. एवढं झाल्यावर परत बूट घालून उतरायचं म्हणजे छाती लागते.

लातूरचा_कान्ससात

सेलूकर सर, धागा वाचून अंगावर काटा आला कारण मी काही वर्षं कान्सस सिटीत नोकरीला होतो आणि सॉअरब्रनला समोर खेळताना पाहिलंय. तेव्हा ती एफसी कान्सस सिटीकडून खेळायची. स्वोप म्हणून एक पार्क आहे तिथल्या छोट्या ग्राउंडवर मॅच व्हायच्या, आपण अगदी लाइनला लागून बसायचो.

टीव्हीवर जे कळत नाही ते तिथं कळायचं, ते म्हणजे तिचा आवाज. पूर्ण मॅच बोलत असायची. ओरडणं नाही, बोलणं. डावीकडं बघ, तिला सोड, वर चल, थांब, मी आहे. लाइन वर घेतली की चारही बॅक एकदम वर, आणि समोरची फॉरवर्ड ऑफसाइड, म्हणजे बॅकच्या लाइनच्या पलीकडं अडकलेली, तिला बॉल दिला तरी चालत नाही. एकीनं उशीर केला तर सगळं फसतं, म्हणून तो आवाज.

त्या टीमनं २०१४ आणि २०१५ असं लागोपाठ दोनदा लीग जिंकली, दोन्ही वेळेस फायनलला सिअ‍ॅटलला हरवून. आणि २०१७ संपताना तीच टीम बंद झाली. खेळाडू युटाला गेल्या. सॉअरब्रन तिकडं दोन सीझन खेळली, मग पोर्टलंडला गेली, आणि २०२० संपता संपता युटाचीही टीम बंद. त्याच्या आधी २०१२ ला तर ती खेळत होती ती अख्खी लीगच बुडाली होती. म्हणजे पायाखालची जमीन किती वेळा सरकली बघा. मधी नॉर्वेला पण जाऊन खेळून आली. आपण म्हणतो अमेरिकेत काय बाबा सगळं आयतं मिळतं. नवीन लीग २०१३ ला सुरू झाली तेव्हा कमीत कमी पगार एका सीझनचा ६,००० डॉलर होता. देशाकडून खेळणाऱ्यांचा पगार फेडरेशन, म्हणजे तिथली फुटबॉल संघटना, द्यायची म्हणून त्यांचं भागायचं, बाकीच्या पोरी दुसरीकडं कोचिंग करायच्या, कुणाच्या तरी घरी राहायच्या.

आता त्याच कान्सस सिटीत २०२४ ला फक्त महिला टीमसाठी बांधलेलं ११,५०० लोकांचं स्टेडियम उभं राहिलंय. खास बायकांच्या प्रोफेशनल टीमसाठी बांधलेलं जगातलं पहिलं म्हणतात. सॉअरब्रन आता रिटायर झालीय, २०२४ च्या डिसेंबरमधी, वय ३९. पण त्या स्टेडियमचा पाया त्या छोट्या ग्राउंडवर खेळलेल्या पोरींनी घातला असं मी मानतो.

नांदेड_एक्सप्रेस

सगळं मान्य पण मला एक शंका आहे. गोल न करता नाव झालं कारण ती अमेरिकेच्या टीममधी होती, पुढं मॉर्गन, रपिनो, लॉईड सारख्या होत्या म्हणून मॅच जिंकल्या. दुबळ्या टीमच्या डिफेंडरला कोण विचारतं? आपल्या जिल्ह्याच्या टीमचा स्टॉपर कितीही भारी असला तरी ०-५ नं हरल्यावर निवड समितीला तो दिसतच नाही. माझ्या बहिणीचं हेच झालं. पूर्ण स्पर्धेत बिचारी एकटी बॉल काढत होती आणि निवड झाली फॉरवर्डची जिनं एक पेनल्टी मारली.

सेलूकर

@नांदेड_एक्सप्रेस दादा, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. निवड करणाऱ्यानं बॉल सोडून खेळाडूकडं बघायला शिकलं पाहिजे, हे माझं कायमचं म्हणणं आहे.

पण तुमच्या शंकेचं उलटं उदाहरण पण आहे. २०२३ च्या वर्ल्डकपला सॉअरब्रन पायाच्या दुखण्यामुळं जाऊच शकली नाही. त्या स्पर्धेत अमेरिकेनं चार मॅचमधी मिळून एकच गोल खाल्ला, नेदरलँड्सचा, आणि तरी स्वीडनकडून पेनल्टी शूटआऊटमधी हरून बाहेर गेले. पुढच्यांना गोल मारता आले नाहीत. मागं तिच्या जागेवर एक नवीन पोरगी उभी होती, नेओमी गिर्मा. तिचे आई-वडील मूळचे इथिओपियाचे. वडिलांनी तिकडच्या इथिओपियन लोकांच्या लेकरांसाठी घरगुती फुटबॉल क्लब काढला होता, तिथं हिची सुरुवात. टीम बाहेर गेली तरी त्याच वर्षी ती अमेरिकेची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, तो किताब मिळवणारी पहिली डिफेंडर. जानेवारी २०२५ ला इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं तिला ११ लाख डॉलरला घेतलं. बायकांच्या फुटबॉलमधी दहा लाख डॉलरच्या वर गेलेली पहिली खेळाडू ही फॉरवर्ड नाही, स्टॉपर आहे. पैसे मोजणाऱ्यांना तरी आता मागच्यांची किंमत कळायलीय.

अंबाजोगाईची_लेक

मी वकिली करते, फुटबॉल फार कळत नाही, पण सॉअरब्रनचं नाव मला वेगळ्याच कारणानं माहीत आहे आणि ते इथं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या पाच खेळाडूंनी तिथल्या समान रोजगार आयोगाकडे आपल्याच फेडरेशनविरुद्ध तक्रार दाखल केली की पुरुष टीमपेक्षा आम्हाला कमी पैसे देता. त्या पाचात सॉअरब्रन होती, बाकी लॉईड, मॉर्गन, रपिनो आणि गोलकीपर सोलो. पुढे २०१९ ला २८ खेळाडूंनी मिळून कोर्टात दावा लावला. २०२० ला न्यायाधीशांनी पगाराचा मुद्दा फेटाळला, तिथं कुणीही खचलं असतं. त्यांनी अपील केलं, आणि फेब्रुवारी २०२२ ला २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी मे महिन्यात नवा करार, पुरुष आणि महिला दोन्ही टीमला सारखं मानधन, वर्ल्डकपची बक्षिसाची रक्कमसुद्धा एकत्र करून वाटायची. हा करार झाला तेव्हा खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष सॉअरब्रनच होती.

मला यातलं सगळ्यात भावतं ते हे की तिच्या हातात तेव्हा सगळं होतं, जागा पक्की, नाव झालेलं. भांडली नसती तरी तिचं काही बिघडत नव्हतं. तक्रारीपासून तडजोडीपर्यंत सहा वर्षं गेली, खेळाडूचं आयुष्य किती असतं? त्यातली सहा वर्षं कागदपत्रं, साक्षी, मीटिंगा, आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयनं महिला क्रिकेटरना पुरुषांइतकी मॅच फी जाहीर केली, टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. फुटबॉलमध्ये आपण अजून त्याच्या जवळपासही नाही.

आमखासचा_गडी

ताई, ही बाजू आणलीत ते फार बरं केलं. स्टॉपर माणूस स्वतःसाठी खेळतच नाही, हे त्याच्या हाडात असतं, मग कोर्टात असो का ग्राउंडवर.

एक २०१९ ची सेमीफायनल पण लिहून ठेवतो. इंग्लंडविरुद्ध २-१ नं पुढं होते, मॅच संपत आली असताना सॉअरब्रनचा पाय इंग्लंडच्या एलन व्हाईटला लागला, व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ पाहून, पेनल्टी दिली. वर्ल्डकपची सेमी आणि पेनल्टी तुमच्यामुळं. गोलकीपर नेअरनं ती अडवली. त्यानंतर सहा-सात मिनिटं आणि वरचा वेळ सॉअरब्रन ज्या थंड डोक्यानं खेळली ते मी माझ्या पोरांना कितीदा दाखवलंय. घाई नाही, रागानं पाय घालणं नाही, मागचं मनात धरणं नाही. फॉरवर्डनं दहा चान्स घालवले आणि एक मारला तर तो हिरो. स्टॉपरनं नव्वद मिनिटं काढली आणि एकदा चुकला की तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. ज्या पोरीला हे झेपतं ती मागं खेळते, कमी असणारी नाही. त्या वडिलांना हे सांगा सर.

खोखोवाली_धाराशिव

मी खो-खोची. आमच्याकडं सारिका काळेला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून पोरींना घरून सोडायला लागलेत, ही मोठी गोष्ट. सर, तुम्ही फुटबॉलचे स्टॉपर खो-खोच्या पोरीतून काहून घेत नाही? पळती खेळणाऱ्या पोरींना कमरेत वाकून छोटी पावलं टाकत क्षणात दिशा बदलायची सवय असते. आणि हुलकावणी स्वतः देत आलेल्या असतात त्यामुळं समोरचीची ओळखतात पण. मराठवाड्यात फुटबॉलची ग्राउंडं कमी पण खो-खोच्या पोरी गावोगावी आहेत.

सेलूकर

@खोखोवाली_धाराशिव ताई, एकदम पटलं, आणि आमच्याकडं दोघी तशाच आल्यात. पाय तयारच असतात. एकच गोष्ट मोडायला वेळ लागतो. खो-खोत एक तर हातातून निसटायचं नाही तर झडप घालायची. स्टॉपरला झडप घालून चालत नाही. समोरचीला अंगावर येऊ द्यायचं, एक हात अंतर ठेवून मागं मागं सरकत तिला कडेला न्यायचं, आणि तिनं बॉल पायापासून जरा लांब टाकला की तेव्हाच पाय घालायचा. हे थांबणं शिकवणं लई अवघड. दोन-दोन महिने जातात त्याच्यात.

फिजिओ_संभाजीनगर

एक महत्त्वाचं. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि बरेचदा कुणाचा धक्का न लागता, पळता पळता वळताना किंवा उडी मारून उतरताना. डिफेंडरला तर सारखं उलटं पळून वळायचं असतं. ऑपरेशन झालं की नऊ महिने ते वर्ष जातं, आणि आपल्याकडे बऱ्याच मुलींचं खेळणंच तिथं थांबतं. फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, साधनं फारशी लागत नाहीत. हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगात पळणं आणि वळणं. आठवड्यातून किमान दोनदा केला तर दुखापती खरंच कमी होतात, याचा बराच अभ्यास झालेला आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत जाऊ देऊ नका, एवढं एक जरी रोज बघितलं तरी पुष्कळ. सर, तुमच्या मुली करतात का?

सेलूकर

करतात मॅडम, रोज. व्हिडिओ पाहून शिकलो, तुम्ही कधी सेलूकडं आलात तर एकदा बघून जा, गुडघ्याचं बरोबर करायल्यात का ते.

जालन्याची_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी नववीत आहे, बॅकला खेळते, तिला फार आवड आहे. घरात सगळे म्हणायलेत पुढच्या वर्षी दहावी, आता बंद कर. मला बंद करायचं नाही पण उत्तर पण देता येत नाही. यात पुढं खरंच काही आहे का? खरं सांगा, गोड बोलू नका.

आमखासचा_गडी

ताई, खरं सांगतो. पैसा फुटबॉलमधी बायकांसाठी भारतात अजून थोडा आहे. २०२३ ला फेडरेशननं ठरवलं की इंडियन वुमेन्स लीगच्या आठ क्लबांनी प्रत्येकी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजारचा करार द्यायचा. हा वरचा थर झाला, आणि तिथं पोचणाऱ्या पोरी बहुतेक मणिपूर, ओडिशा, हरियाणा, तमिळनाडू, बंगाल इकडच्या. सीनियर नॅशनल, म्हणजे राज्यांच्या टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, ट्रॉफीला नाव आपल्या राजमाता जिजाबाईंचं आहे, आणि ती स्पर्धा सगळ्यात जास्त वेळा, २० च्या वर, जिंकली मणिपूरनं. महाराष्ट्रात कोल्हापूरला फुटबॉल घराघरात आहे, आपल्याकडं तसं वातावरण नाही.

पण दुसरी बाजू पण आहे. सरकारी नोकरीत ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, रेल्वे आणि पोलिसांच्या टीम आहेत. सर्टिफिकेट नीट सांभाळा आणि स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का हे आधीच विचारा, नंतर पडताळणीत लोक अडकतात. आणि जुलै २०२५ ला भारताच्या पोरींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवून एशियन कपची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथं जायची ही पहिलीच वेळ. आत्ता नववीत असलेल्या पोरीसाठी दहा वर्षांनी काय असेल ते आजच्या हिशोबावरून ठरवू नका.

अंबाजोगाईची_लेक

ताई, आणि सॉअरब्रन व्हर्जिनिया विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकली खेळता खेळता. दोन्ही होतं. दहावीच्या वर्षी प्रॅक्टिस कमी करा, बंद नका करू. एकदा सुटलेली मुलगी परत ग्राउंडवर येत नाही, हे मी माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलंय.

नांदेड_एक्सप्रेस

बहिणीला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणायली की जालन्याच्या ताईंना सांग, बोर्डाच्या वर्षात सकाळी पाऊण तास पुरतो, फक्त संध्याकाळी भिंतीवर दोन्ही पायानं बॉल मारायला लावा. डावा पाय तयार असलेली बॅक कुठल्याही टीमला लागते. ती स्वतः आता लहान पोरींना शिकवते.

जालन्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं, तिच्या बाबांनी आशालताचं नाव दोनदा विचारून घेतलं. डाव्या पायाचं आजपासून सुरू केलंय. एक छोटं विचारायचं होतं, आमच्याकडं मुरमाचं ग्राउंड आहे, तिचे मोठ्या स्टडचे बूट तिथं घसरतात आणि टाच दुखते म्हणते. कोणते घ्यावे?

सेलूकर

ताई, मोठे स्टड ओल्या गवतासाठी असतात. मुरमावर बारीक बारीक रबरी स्टडचे, टर्फ शूज म्हणून मागा, ते घ्या. साइज घेताना जाड मोजे घालून बघा आणि पुढं अंगठ्याला अर्धा बोट जागा ठेवा, जास्त नको, वळताना पाय आत सरकला की घोटा मुरगळतो. टाच दुखायची थांबेपर्यंत उड्यांचा व्यायाम करू देऊ नका, आणि आठवड्यात फरक पडला नाही तर दाखवून घ्या.